केझिया ट्रँटरच्या दारावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. दिसायला काळीकुट्ट, एका कोपऱ्यात तडकलेली. पण मित्रांनो, एके काळी माझ्याशिवाय 'हेरॉन' पबमध्ये पेलाभर बिअरसुद्धा विकता येत नव्हती. पबची पाटी म्हणून नाक मुरडू नका. आमच्या मार्लबेक गावात चर्चनंतर माणसे जमत, ती तिथेच.

मोडक्या गाडीच्या ओकच्या फळीतून सुताराने मला घडवले. ज्याच्या नावावर दारूविक्रीचा परवाना, त्याचे नाव दारावर रंगवलेले हवे, असा कायदा. माणूस बदलला की मला काळा रंग फासायचा आणि वर नवे नाव लिहायचे. असे किती थर माझ्या अंगावर चढले! एकाने रविवारी प्रार्थनेच्या वेळी मागच्या दाराने बिअर दिली आणि परवाना घालवला. दुसरा स्वतःच इतका प्यायचा, की परवाने देणाऱ्या न्यायाधीशांपुढे त्याला कठडा धरून उभे राहावे लागले. मग एमॉस ट्रँटर आला. सरळ, कष्टाळू माणूस. तापाने तो गेला, तेव्हा परवाना मागायला त्याची बायको उभी राहिली आणि तिला तो मिळाला. रंगाऱ्याने फक्त 'एमॉस' झाकून 'केझिया' लिहिले, 'ट्रँटर' तसेच ठेवले. ती शिडीखाली उभी राहून रडत होती. इतकी नावे मिरवली, पण जीव जडला तो याच नावावर.

केझियाची जीभ तिखट होती.

"जेबेझ ऑर्म, शेकोटीजवळची जागा काय तुझ्या बापानं राखून ठेवलीय?"

"बापानं कशाला, मालकीणबाई? बसून बसून मीच कमावलीय!" कातडी कमावणारा म्हातारा जेबेझ म्हणे, आणि सगळा पब खदखदून हसे.

मग नवा कायदा आला. गावात पब फार झालेत, काही बंद करा. आमच्या गल्लीत दोन होते, 'हेरॉन' आणि समोरचा 'बेल'. त्यांतला एकच राहणार होता. न्यायाधीश स्वतः पाहणीला येणार होते. केझियाला दुसरे घर नव्हते. पब गेला तर डोक्यावरचे छप्परही जाणार होते.

आदल्या दिवशी माझ्या खालीच जेबेझने सगळ्यांना दम भरला. "उद्या कुणी इकडं फिरकायचं नाही. दंगा, गाणी, भांडण, काही म्हणजे काही दिसता कामा नये. साहेबाला कळू दे, हे किती सभ्य ठिकाण आहे."

"मालकीणबाईंना सांगायचं?"

"छे! बाईचा जीव आधीच टांगणीला लागलाय. गुपचूप करू."

मी लाकूड. ओरडणार कशी?

दुसऱ्या दिवशी केझियाने बिअरचे पितळी नळ घासून लखलखीत केले आणि वाट बघत बसली. कोणीच आले नाही. साहेब आले, रिकाम्या बाकांवरून त्यांनी नजर फिरवली आणि दारात थांबून बरोबरच्या हवालदाराला म्हणाले, "समोर निदान माणसं तरी आहेत. इथं परवाना ठेवायचा तो कोणासाठी?"

"साहेब, रोज भरलेलं असतं हो! आजच काय झालं, कळत नाही."

"सगळे असंच सांगतात, बाई."

संध्याकाळी जेबेझ आणि मंडळी आली, छाती फुगवून. "कशी शांतता ठेवली! मांजरसुद्धा फिरकू दिलं नाही!"

काय झाले ते केझियाला त्या क्षणी कळले. मग तिने पेला उचलला आणि जेबेझसाठी बिअर भरली.

परवाना गेला. शेवटच्या दिवशी इतकी गर्दी झाली, की बिअर पुरली नाही. माझे खिळे जेबेझनेच उपटले.

"मालकीणबाई, आपलं चुकलं तरी काय? आवाजसुद्धा केला नाही आम्ही."

"धुराडं पडायला आलंय म्हणाले साहेब," केझिया म्हणाली. "तुमचं काही नाही चुकलं. तुम्ही फार चांगले वागलात."

ती दूरच्या गावी बहिणीकडे गेली, लोकांचे कपडे धुवायला. जेबेझ मला घरी घेऊन गेला आणि मरेपर्यंत त्या धुराड्याला शिव्या देत राहिला. आता त्याच्या सुनेने मला कोंबड्यांच्या खुराड्याचे दार केले आहे. पावसाने रंग सुटतो आहे. 'केझिया' कधीच गेले, 'ट्रँटर'मधली दोन अक्षरे उरली आहेत.

मित्रांनो, ज्या दारावर तुमचा जीव आहे, तिथे जा, बसा, थोडा गोंधळही घाला. केझियाला त्या दिवशी सभ्य माणसे नको होती हो. तिला फक्त तिची रोजची माणसे हवी होती.