उघड्या डोक्याचा आहेर

माझी बायको उषा गेल्यावर सुरतेत राहायचं मन उरलं नाही. आमची मुलगी वर्षा नरडाण्याला दिलेली आहे. ती म्हणाली, बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या. सत्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मी शेठला सांगून टाकलं की महिनाअखेर मी जातो.

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं काढली. तिथे आमची एक रीत होती. कायमचा गावी निघालेला माणूस सोबतच्यांना चहा-फाफडा खाऊ घालायचा आणि प्रत्येकाला टॉवेल-टोपीचा आहेर करायचा. बाकी सगळ्यांचं सोपं होतं. प्रश्न मारुतीचा होता.

मारुती परभणीकडचा. तो माझा पाळीतला जोडीदार, म्हणजे लूम त्याच, बारा तास मी चालवायच्या आणि बारा तास त्याने. आम्ही भेटायचो फक्त पाळी बदलताना, आणि तेवढ्या वेळात भांडायचो. धागे तुटलेले ठेवलेस, धोटा खराब केलास, संपत आलेला बीम मुद्दाम माझ्या गळ्यात टाकलास. बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, बदलायचा म्हणजे लूम बंद, आणि लूम बंद म्हणजे मजुरी बंद. त्यामुळे दोघंही तो दुसऱ्याच्या पाळीत संपावा म्हणून बघायचो. मारुती तर दुसऱ्या कोणाला त्याच्या वेळात लूमला हातही लावू द्यायचा नाही.

पण त्याची बायको-पोरं गावाकडे होती आणि खानावळीचं जेवण त्याला सोसत नव्हतं. हे कळल्यापासून उषा माझ्या डब्यात दोन भाकरी जास्त टाकायची. मी कुरकूर केली की म्हणायची, “तुमनं भांडन तुमनाजोडे ठेवा. तेन्हं पोट काय भांडस का?” मग मी पाळी बदलताना भांडता भांडता त्याच्या हातात भाकरी द्यायचो. तोही भांडता भांडता घ्यायचा.

मला त्याच्याशी गोडीत निघायचं होतं. एवढी वर्षं ज्याच्या मागोमाग लूमवर उभा राहिलो, त्याने जाताना तोंड फिरवू नये, एवढंच मनात होतं. म्हणून त्याच्यासाठी टॉवेल जरा भारी घेतला.

शेवटच्या दिवशी माझी रातपाळी होती. सकाळी सातला दोन्ही पाळ्यांची माणसं जमली. चहा झाला. आमच्या गावाकडचा धुडकू, त्याला पहिला आहेर दिला. मग लूम दुरुस्त करणारा छगन, तो सुरतचाच. मग मारुतीपुढे टॉवेल-टोपी धरली.

त्याने हात मागे घेतले.

“मी न्हाई घेणार.”

“का रे? आज तरी भांडू नको.”

“भांडत न्हाई. पर घेणार न्हाई.”

सकाळी सकाळी हे नाटक बघून छगन गुजरातीत म्हणाला, “अरे मारुती, लई ले ने! सवारना पहोरमां शुं नाटक?”

“तू गप रं छगनभाई. तुला ह्यातलं कळत न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दगाभाऊ, तुझा दुखवटा कुणी काढला का?”

माझा हात उघड्या डोक्याकडे गेला. बायको गेली की तिच्या माहेरच्या माणसाने येऊन नवऱ्याच्या डोक्यावर नवी टोपी घालायची, मग दुखवटा उतरतो. तोवर त्या घराने कोणाला आहेर करायचा नसतो. हे मलाही माहीत होतं. पण देण्याघेण्याचं सगळं उषा बघायची. कोणाला काय, कधी, कोणाच्या हाताने, ते तिच्या डोक्यात. मी नुसती पिशवी धरायचो. तापीवर दहावा केला तेव्हा डोकं उघडं केलं, ते तसंच राहिलं होतं. तिला सख्खा भाऊ नव्हता आणि चुलत भावांशी बोलणं नव्हतं. कोणी आलं नाही, आणि मी कोणाला बोलावलं नाही.

धुडकूने हळूच आपला टॉवेल परत माझ्या सामानाच्या पेटीवर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग काय करू?” मी चिडलो. “सगळं परत घेऊन जाऊ? हेच बघायचं होतं ना तुला?”

“वरडू नको.” मारुतीने पायात चपला सरकवल्या. “माझ्या लूमा बघ. बंद पडू देऊ नको.”

“तू कुठे चाललास?”

“बघ म्हणलं ना!”

तो गेला. मी रात्रभरचा थकलेला, पण त्याच्या पाळीत लूमवर उभा राहिलो. एक धागा तुटला तो लगेच जोडला, धोट्यातली सुताची कांडी संपायच्या आत बदलली. छगन दोनदा येऊन बघून गेला. मला वाटलं, मारुती तोंड चुकवायलाच गेला असेल.

तो आला तेव्हा घामाघूम होता. हातात कागदात गुंडाळलेली पांढरी टोपी.

“कोपऱ्यावरच्या मारवाड्याला उठवलं. शटर उघडंना. शिव्या देत होता.” मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “तिच्या माहेरचं कुणी आलं न्हाई, दिसतंयच. तिच्या हातच्या भाकरी मी खाल्ल्यात, तू न्हाई मोजल्या, मीबी न्हाई. मी घातली तर चालंल का?”

मी मान खाली केली. त्याने टोपी घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि पाठीवर हात ठेवून उभा राहिला. उषा गेल्यापासून मी चारचौघांत रडलो नव्हतो. तिथे रडलो. लूम चालू होत्या, त्यामुळे आवाज कोणाला गेला नसावा.

डोळे पुसून मी परत टॉवेल-टोपी पुढे धरली.

“आता घेशील?”

“आता का न्हाई?” त्याने टॉवेल घेतला, चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे करून बघितला. “सूत कच्चं हाय. फसवलं तुला. पर बहिणीचा नवरा देतोय म्हणल्यावर काय बोलायचं, दाजी?”

दाजी म्हटल्यावर धुडकू फस्सकन हसला. “म्हंजे आता भांडायचं बी हक्कानं का, मारुतीभाऊ?”

“आता कुटं भांडायचं? हा तर चालला,” मारुती म्हणाला आणि टॉवेल गळ्यात टाकून लूमकडे वळला.