तेल पाजलेली काडतुसं

मुलांनो, एका खोलीची कल्पना करा. घराच्या अगदी मागची खोली. तिच्यात एक खाट, एक खिडकी आणि मागच्या अंगणात उघडणारं एक दार. अंगणाला कुंपण आहे, पण इतकं बुटकं, की मांजरसुद्धा ते उडी न मारता ओलांडतं. दाराला सरकवायची कडी आहे. तुम्ही ती सरकवता. ती कुरकुरते, अडखळते आणि चौकटीतल्या भोकाच्या बोटभर खाली लाकडावर जाऊन आपटते. पुन्हा सरकवता. पुन्हा तेच. मग तुम्ही काय कराल? खुर्ची ओढून दाराला लावाल, वजन वाढावं म्हणून तिच्यावर दप्तर ठेवाल आणि खाटेवर दाराकडे तोंड करून झोपाल. दाराकडे पाठ करून झोपायची तुमची छाती होणार नाही.

मुंगी रोज हेच करायची. मुंगी हे तिचं टोपणनाव. स्वतःपेक्षा मोठी वस्तू दिसली की ती ओढत न्यायची तिला लहानपणापासूनची सवय, म्हणून ते पडलं.

"बाबा, कडी बसत नाही," ती सांगायची.

"बघू."

"बाबा, चोर आला तर?"

"येऊ दे की! आपल्या घरात काय आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. बाबांकडे रिव्हॉल्व्हर होतं.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. हात कसबी, माणूस सज्जन. एकदा पलीकडच्या शिंप्याकडे चोरी झाली. चोरांनी एक इस्त्री आणि बिस्किटांचा अर्धा पुडा नेला. त्या अर्ध्या पुड्याने बाबांची झोप उडाली. त्यांनी परवाना काढला, रिव्हॉल्व्हर आणलं, काडतुसांचा डबा आणला आणि सगळं फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं. किल्ली स्वयंपाकघरात, सर्वांत उंच फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागे. हे मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं. असली वस्तू कुलपातच हवी आणि मुलांनी तिच्या वाटेला जायचं नाही. मुंगीही कधी गेली नाही. तिला कपाटात रस नव्हता. तिला कडी हवी होती.

एकदा आईने विचारलं, "चोर आला तर तुम्ही नक्की काय करणार?"

"उठणार. स्टूल घेणार. किल्ली काढणार. कपाट उघडणार. फडकं सोडणार. नेम धरणार."

"आणि तोवर चोराने काय करायचं? बसायला खुर्ची देऊ का त्याला?"

"खुर्ची मुंगीच्या दाराला लावलीय," बाबा गंभीरपणे म्हणाले.

अशी सगळी तयारी झाली, आणि मग बाबांना एक प्रश्न पडला. डब्यातली काडतुसं बदलायची किती दिवसांनी? दूध नासतं, औषध मुदत ओलांडतं. ऐन वेळी काडतुसंही नासकी निघाली तर?

हा प्रश्न काडतुसं विकणाऱ्या दुकानदाराला विचारला असता तर पाच मिनिटांत सुटला असता. पण आपल्या माणसांना सोडून परक्याला काय विचारायचं? बाबांनी घरातच बैठक बोलावली. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे मुंगीचे काका आले. त्यांचं टायरचं दुकान होतं. आईचा भाऊ म्हणजे मामा आला. तो अंड्यांचा घाऊक व्यापारी. आई औषधांच्या दुकानात कामाला होती, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती घरातच होती, एवढंच.

"बदलायची कशाला?" काका म्हणाले. "आम्ही टायरचं काय करतो? पुढचे मागे, मागचे पुढे. झीज सारखी होते. तू दरवर्षी रिव्हॉल्व्हरमधली डब्यात टाक, डब्यातली रिव्हॉल्व्हरमध्ये घाल. झाली बदलून!"

"वा दादा!" बाबा खूश झाले. "म्हणजे नवी घ्यायलाच नको."

"पण आधी खराब कुठली ते कळायला नको का?" मामा म्हणाला. "भाऊजी, पातेलंभर पाणी आणा. सोपं आहे. खराब असेल ती तरंगते."

"अरे, ती अंडी!" आई म्हणाली.

"ताई, गोल वस्तूचा धंदा माझा आहे. तू गोळ्या विक."

"तेच सांगतेय. आमच्याकडे मुदत संपली की माल बाजूला काढतात. मागचा पुढे करत नाहीत. आणि ठाऊक नसलं तर ज्याने विकलं त्याला विचारतात."

तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत असताना ते गप्प बसले. मग बाबांनी पातेलं भरलं.

काडतुसं पाण्यात टाकली. पितळ आणि शिसं ते. टाकल्याबरोबर तळाला गेली.

"सगळी पास!" मामाने टाळी वाजवली. "एकही तरंगलं नाही. ताजा माल आहे, भाऊजी."

"आता गंज नको चढायला," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुकानातली तेलाची चोचदार कुपी आणली. बाबांचा तेलावर फार विश्वास. मशीन कुरकुरलं, तेल. चाक अडलं, तेल. पोट दुखलं असतं तरी त्यांनी आधी कुपीकडेच पाहिलं असतं. त्यांनी एकेक काडतूस प्रेमाने पुसलं, बुडाशी थेंब सोडला, बोटाने जिरवला.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. काडतुसाच्या बुडाशी एक इवलीशी टोपी असते. चाप ओढला की हातोडीसारखा एक तुकडा तिच्यावर आपटतो, ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. ठिणगीचा आणि दारूचा सगळ्यांत मोठा वैरी कोण? ओल. आणि तिच्याहून चिवट वैरी म्हणजे तेल. ते फटीफटीतून आत झिरपतं आणि वाळायचं नाव घेत नाही. म्हणजे आपले बाबा दरवर्षी काय करत होते? आपल्या पहारेकऱ्याला न्हाऊमाखू घालत होते आणि पाठोपाठ अफू पाजत होते.

हे वर्षानुवर्षं चाललं. दरवर्षी बैठक, दरवर्षी पातेलं, दरवर्षी पुढची मागे आणि मागची पुढे. बाबा गल्लीत अभिमानाने सांगत, "आम्ही काडतुसं वेळच्या वेळी बदलतो." लोक माना डोलावत. कडी तेवढी तिथेच होती, भोकाच्या बोटभर खाली.

मग परवान्याचं नूतनीकरण आलं. नियम असा, की परवानेवाल्याने सरावाच्या मैदानावर जायचं आणि घरचं हत्यार, घरचीच काडतुसं घेऊन प्रशिक्षकासमोर झाडून दाखवायची.

बाबांनी सगळ्या घरालाच बरोबर घेतलं. निघताना मुंगीने त्यांची बाही धरली.

"बाबा, तिथून आल्यावर कडी बसवाल?"

"आज तू स्वतः बघच. नेम बघितलास की कडीचं नावसुद्धा काढणार नाहीस."

"आणि नाही लागला तर?"

"तर घरी आल्याआल्या कडी. कबूल."

"सगळ्यांसमोर सांगा."

बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काका आणि मामा पोट धरून हसले. मुंगी हसली नाही. तिने जाड काचेमागची, सगळ्यांत पुढची जागा पकडली.

प्रशिक्षक एक ठेंगण्या बाई होत्या. कानांवर मोठी आवरणं, बोलणं तुटक.

"काडतुसं किती जुनी?"

"जुनी? छे, आम्ही दरवर्षी बदलतो."

"छान. जुनी सरावात संपवता ना?"

"संपवतो कशाला? डब्यात ठेवतो."

बाईंनी एक काडतूस हातात घेतलं. ते निसटलं. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली.

"हे काय लावलंय?"

"मशीनचं तेल. उत्तम प्रतीचं," बाबा म्हणाले.

बाईंनी बाबांकडे पाहिलं, मग काचेमागे हात हलवणाऱ्या मामाकडे पाहिलं. "माझं ऐकाल तर ही झाडू नका. माझ्याकडची घ्या."

"छे! घरचा माल घरच्या हत्यारात. नियमच आहे तसा."

"बरं. पण मी थांबा म्हटलं की थांबायचं."

बाबांनी छाती फुगवली, एक डोळा मिटला, चाप ओढला.

टक्.

"चालायचंच," मामा काचेमागे म्हणाला. "पहिलं अंडंही कधीकधी..."

"हलू नका," बाई म्हणाल्या. "नळी समोरच. कधीकधी उशिरा पेटतं." सगळे थांबले. काही पेटलं नाही. बाईंनी ते काढून बाजूला ठेवलं.

दुसरं. टक्. पुन्हा थांबले.

तिसरं. फुस्स! बाटलीचं बूच उडावं तसा आवाज. समोरच्या कागदावर ओरखडासुद्धा नाही.

"सुटली! सुटली!" काका ओरडले. बाबा हसले आणि पुढच्या गोळीसाठी बोट आवळू लागले.

"थांबा!" बाई अशा ओरडल्या, की काचेमागे मामाचा हात हवेतच राहिला. "बोट बाहेर. नळी समोर."

त्यांनी रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतलं, रिकामं केलं, नळीत सळई घालून पाहिली. सळई अर्ध्यावर अडली.

"गोळी नळीतच बसलीय. मागून दुसरी सोडली असती तर नळी फुटली असती. तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर."

बाबांचा चेहरा कागदासारखा झाला, समोरच्या त्या न फाटलेल्या कागदासारखा.

"आता ऐका," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "कोरड्या, थंड जागी नुसती पडून राहिली तर काडतुसं कित्येक वर्षं टिकतात. त्यांना काही करायचं नसतं. वारंवार भरलेली-काढलेली, हाताळलेली असतील तर वर्षाकाठी ती इथे येऊन झाडून संपवायची आणि नवी घ्यायची. नवी म्हणजे नवी, डब्यातली नव्हे. तेलाचं बोट लावायचं नाही. आणि सरावाला यायचं."

"आणि पाण्यात टाकून बघायची?" मुंगीने काचेच्या भोकाशी तोंड नेऊन विचारलं.

"पाण्यात?" बाई म्हणाल्या. "पाण्यात कोण टाकतं?"

मामाला एकाएकी छताचा रंग फार आवडला.

रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी तिथेच ठेवून घेतलं. काडतुसं नष्ट करायला जमा झाली. परवान्याचं नूतनीकरण लांबणीवर पडलं. आता मुलांनो, हिशेब तुम्हीच करा. सकाळी त्या घरात न उडणारी काडतुसं होती आणि न लागणारी कडी होती. दुपारी फक्त न लागणारी कडी उरली.

घरी पोचताच मुंगी म्हणाली, "बाबा, कबूल केलं होतं."

"हो, हो, आठवतंय. पण आधी मोठा प्रश्न. घर उघडं पडलंय!"

"तेच तर म्हणतेय."

"लहान आहेस. कळायचं नाही तुला."

आणि तिघे मागच्या अंगणात जाऊन बसले. हवा खेळती असली की डोकं चालतं, असं काकांचं मत. चुकलं कुठे, यावर विचार सुरू झाला. काका म्हणाले, तेल चुकलं. बाबा म्हणाले, पाणी चुकलं. मामा म्हणाला, पाणी बरोबर होतं, पातेलं चुकलं. नवी काडतुसं दर सहा महिन्यांनी बदलावीत की तीन, यावरून आवाज चढले. पाठीशी ते दार होतं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मुंगी खोलीत उभी राहून ऐकत होती. मग तिने दार लोटलं, खुर्चीवरचं दप्तर उतरवलं आणि खुर्चीवर चढली. बाबांच्या दुकानात ती रोज बसायची, आणि बाबा मशीनचं लाकडी टेबल दुरुस्त करताना वाकडं काही दिसलं की आधी वरचा स्क्रू पाहायचे. तिने दाराची वरची बिजागरी पाहिली. स्क्रू ढिला होऊन बाहेर आला होता. दार म्हणूनच खाली झुकलं होतं आणि कडीही त्याच्याबरोबर खाली गेली होती. स्क्रू घट्ट करायला गेली तर तो नुसता गरगर फिरला. भोक मोठं झालं होतं.

"आई, काडेपेटी दे."

"कशाला गं?"

"पेटवणार नाही. गूल मोडून नुसत्या काड्या हव्यात."

आईने काडेपेटी दिली, आणि न विचारता पेचकसही. मुंगीने दाराखाली लाकडाचा तुकडा ठोकून दार उचललं. आईने खांदा लावला. भोकात काड्या कोंबल्या, स्क्रू पिळला. आता तो धरला. मग मुंगीने तेलाची कुपी घेतली आणि कडीवर एक थेंब सोडला. एकच. त्या कुपीच्या तेलाला त्या घरात पहिल्यांदाच योग्य जागा मिळाली होती.

कडी सरकली. सरळ भोकात. खट्ट.

बाहेर बाबांना तहान लागली. त्यांनी मागे न पाहताच दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं.

"दादा, अडकलंय बहुतेक."

काकांनी खांदा लावला. मामाने दोघांच्या मागून जोर केला. तीन धडधाकट माणसं, तिघांचे मिळून तीन सल्ले, आणि दार जागचं हललं नाही.

"मुंगे! ए मुंगे! दार उघड!"

"कोण आहे?"

"अगं, मी! बाबा!"

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने ओठ दाबून हसू आवरलं.

"पुढच्या दाराने या, बाबा," मुंगी म्हणाली. "हे दार आता बंद असतं."

 मग कुंपणावरून पाय टाकताना मामा धडपडल्याचा आवाज आला आणि पावलं घराला वळसा घालून पुढे गेली.

मुंगीने खुर्ची उचलली, टेबलाशी नेऊन ठेवली आणि दप्तर खुंटीला अडकवलं. जेवायला अजून अवकाश होता, तरी ती खाटेवर आडवी झाली, उशी फिरवली आणि दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून झोपली.