कॉक बंद होता

सुईताईची गाडी त्या सकाळी नीट सुरू झाली, गल्ली ओलांडून बेकरीच्या वळणापर्यंत गेली आणि तिथं दोन आचके देऊन गप्प झाली. टाकीत पेट्रोल होतं. गाडी हलवून तिनं ते डुचमळताना ऐकलं. तिकडं उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली माणसं तिची वाट बघत असणार. किक मारून मारून पाय भरून आला, तेव्हा कुठं तिचं लक्ष टाकीखालच्या छोट्या दांड्याकडे गेलं. पेट्रोलचा कॉक बंद होता.

घरोघर जाऊन लॅबसाठी रक्ताचे नमुने घ्यायचे हे तिचं काम, म्हणून गल्लीनं तिला हे नाव ठेवलं होतं. गाडी सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. ते कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते. उभा जन्म वाफेचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यात गेला, त्यामुळे घरातही उघडं राहिलेलं काही त्यांना सोसत नसे. नळ, गॅस, गाडीचा कॉक, सगळं स्वतःच्या हातानं बंद केल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ टेकत नसत. गेल्या वर्षी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले आणि गाडी सुनेकडे आली. तिला कॉक बंद करायची सवय नव्हती. रोजच्या धावपळीत कोण वाकत बसणार?

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा.

"मी तुझ्या गाडीकडे बघतसुद्धा नाही," तो म्हणाला, "हात कुठून लावणार? विसरली असशील तूच."

सासूबाईंना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलेंडर, नाकात नळी, आणि मोरीपर्यंत जायचं तरी त्यांना वाटेत थांबावं लागे. त्या जिना कुठला उतरणार?

दुसऱ्या दिवशी कॉक बंद. तिसऱ्या दिवशीही. मग तिनं दांडा चालूवर ठेवून त्याला चिकटपट्टीचे वेढे मारले. सकाळी खाली आली तर कॉक बंद होता आणि पट्टी हँडलच्या मुठीवर गुंडाळलेली होती. कुठं सुरकुती नाही, कुठं फाटलेली नाही, आणि शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवलेलं, पुन्हा काढायला सोपं जावं म्हणून. बाबा दोऱ्याचा तुकडासुद्धा असाच जपून गुंडाळत.

लॅबमधून परतताना ती गाडी घेऊन गॅरेजवाल्या काकांकडे गेली. फक्त इतकंच म्हणाली, की कॉक सारखा बंद होतोय.

काकांनी पेट्रोल डब्यात काढलं, कॉक सोडवला आणि तळहातावर घेतला. त्यातून एक नळी वर आली होती.

"टाकीत पेट्रोलला दोन वाटा असतात," ते म्हणाले. "ही उंच नळी. दांडा चालूवर असला की पेट्रोल हिच्या तोंडातून खाली येतं. पातळी तोंडाखाली गेली की गाडी आचके देते. मग दांडा रिझर्व्हवर फिरवायचा, म्हणजे तळाचं पेट्रोल मिळतं. आणि बंद केला की दोन्ही वाटा बंद."

"मग कॉक बंद असताना गाडी बेकरीपर्यंत जाते कशी?"

"कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल उरलेलं असतं. तेवढं संपलं, की बसली."

त्यांनी कॉक उघडून आतला काळा, भोकं असलेला रबर काढला आणि त्यावर नख दाबलं. नख रुतलं नाही.

"हा मऊ पाहिजे. असा दगड झाला की दांडा बंद करूनही पेट्रोल झिरपतं, इंजिनात उतरतं, ऑइलची वाट लागते. गाडीखाली ओला डाग, पेट्रोलचा वास, दांडा फिरवायला जड किंवा फारच सैल, यातलं काहीही दिसलं की रबर बदलायचा. त्यानं भागलं नाही तर कॉकच बदलायचा. चालढकल करायची नाही."

"आणि आपोआप फिरत असेल तर?"

काकांनी अंगठ्यानं दांडा रेटला. तो कुरकुरत हलला. "मलाच जोर लावावा लागतोय. हा आपोआप फिरतोय होय? कुणीतरी फिरवतंय, बाई."

त्यांनी नव्या पद्धतीचा कॉक बसवला. त्यात पातळ रबरी पडदा होता. इंजिन सुरू झालं की बारीक नळीतून ओढ बसायची, पडदा उचलला जायचा आणि पेट्रोल वाहायचं. इंजिन थांबलं की पेट्रोलही थांबणार. दांड्याला बंदची खूणच नव्हती.

"घे," काका हसून म्हणाले, "आता कुणाला बंद करायला काही उरलंच नाही."

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. सुईताई निवांत झाली. मग एका सकाळी ती दुधावर लक्ष ठेवून उभी असताना शेगडीची ज्योत लहान लहान होत गेली आणि विझली. सिलेंडर नुकताच बदललेला. खाली वाकून बघते तर रेग्युलेटरची खुंटी आडवी फिरवलेली. स्वयंपाकघरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढं एकदा नवरा डोक्याला साबण लावून बसला आणि पाणी गेलं. तो आतून ओरडत होता, ती जिन्याखाली धावली. घराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह इतका आवळला होता, की तिला पदराचं टोक गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवावा लागला. नवरा डोळे चोळत बाहेर आला आणि शेजाऱ्यांना लाखोली वाहू लागला.

आणि मग तो दिवस आला. ती नमुने लॅबमध्ये देऊन भर दुपारी घरी परतली. घर नको इतकं शांत होतं. सिलेंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत एरवी सारखे बुडबुडे येत. त्यांचा आवाज बंद होता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या आणि त्यांचे ओठ जांभळे पडले होते. तिनं सिलेंडरच्या चावीला हात घातला. चावी जागची हलेना. शेवटी पान्यानं ठोकून ती फिरली, बुडबुडे उठले, आणि सुईताई सासूबाईंची पाठ चोळत, त्यांना हाका मारत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. घाबरलेल्या मुळीच दिसल्या नाहीत.

"छान डोळा लागला होता गं," त्या म्हणाल्या. "हे आले होते. म्हणाले, तू झोप, मी सगळं बंद करतो."

शेजारच्या मावशींना सासूबाईंजवळ बसवून सुईताई तशीच गॅरेजवर गेली.

"काका, तो जुना कॉक आहे का? परत बसवून द्या."

"चांगल्या गाडीला खराब कॉक? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रबर नवा घाला. पण दांडा तोच पाहिजे. बंद होणारा."

काकांनी भंगाराच्या डब्यातून कॉक शोधला, जाळी धुतली, मऊ रबर घातला, आणि इंजिनाकडच्या बारीक नळीच्या जागी टोपण बसवलं. दांडा आता अलगद फिरत होता.

घरी येऊन तिनं गाडी जिन्याखाली नेहमीच्या जागी लावली आणि कॉक मुद्दाम उघडा ठेवला. आसपास कुणी नाही असं बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचं काम इथं ठेवलंय. रोज ठेवीन. पण वर यायचं नाही."

सकाळी कॉक बंद होता. गॅस चालू होता, पाणी येत होतं, बाटलीत बुडबुडे उठत होते. तेव्हापासून हेच चाललं. संध्याकाळी ती उघडा ठेवायची, सकाळी बंद सापडायचा, आणि कामाला निघताना वाकून पुन्हा उघडणं तिच्या अंगवळणी पडलं. नवऱ्यालाही वाटलं, बायको आता नीट लक्ष देते गाडीकडे.

सासूबाई मात्र खंगत चालल्या. जेवण निम्म्यावर आलं. डोळा लागेना, तासन्‌तास दाराकडे बघत पडून राहायच्या. एकदा सुईताई त्यांचे केस विंचरत होती, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हे वर का येत नाहीत गं आता?"

सुईताईनं मनगट सोडवून घेतलं आणि फणी पुन्हा केसांत घातली.

"तू काही बोललीस का त्यांना?"

"मी काय बोलणार, आई?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, पण ती नजर सुईताईला सहन झाली नाही.

"मग मला खाली घेऊन चल," त्या म्हणाल्या. "रात्री ते तिथवर येतात, चाहूल लागते मला. गाडीपाशी नुसतं बसव. थोडा वेळ."

"जिना चढउतार झेपणार नाही तुम्हाला. बरं वाटू दे, मग जाऊ."

"कधी?"

"उद्या बघू."

सासूबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सुईताईनं डबा भरला, नमुन्यांची पेटी उचलली आणि चपला घालू लागली, तर त्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या. अंगावर ठेवणीतली साडी होती आणि नाकातली नळी त्यांनी स्वतःच काढून, नीट गुंडाळून उशीवर ठेवली होती.

"उद्या उजाडला, चल, हे खाली वाट बघताहेत," त्या म्हणाल्या.