थारोळ्यावरच्या माश्या

चैताचं ऊन न्याहारीच्या वक्तालाच डोक्यावर येऊन बसलं होतं. शिवप्पाची मोट भरून वर आली, आता विहिरीच्या तोंडच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, पाणी ओतणार, तेवढ्यात एक मधमाशी त्याच्या डाव्या पापणीवर बसली. घामाचा थेंब दिसला असंल तिला. शिवप्पानं फटकन हात मारला. माशी मरता मरता आपलं काम करून गेली. त्याच्या हातातली दोरी सुटली, बैल बुजून मागं सरले, आणि भरलेली मोट विहिरीच्या दगडाला घासत, फाटत खाली गेली.

शिवप्पा कण्हणाऱ्यातला माणूस न्हवता. एक डोळा झाकून तो बैलांच्या धावेवर उभा राहिला आणि एका दमात त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. आधी माश्यांचा, मग त्या ज्याच्या ढोलीत राहत होत्या त्या बांधावरच्या लिंबाचा, आणि शेवटी लिंबाखाली फुलं लावणाऱ्या चन्नम्माचा.

चन्नम्मा तिथंच होती. पन्नास पावलांवर, सब्ज्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसलेली. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि उठून आली.

अणदूरच्या खालच्या शिवारातली ही विहीर दोन घरांची. शिवप्पा आणि चन्नम्माचा नवरा नागप्पा हे चुलतभाऊ. एक दिवस याची मोट, एक दिवस त्याची. विहीर सामाईक म्हणून बांध सामाईक, बांध सामाईक म्हणून लिंब सामाईक. त्या लिंबाच्या ढोलीत दोन वर्षांमागं बारक्या माश्यांनी मोहळ केलं होतं. आग्यामोहळ न्हवं ते. या माश्या आपल्या वाटंनं जाणाऱ्या, पण उन्हाळा लागला की थारोळ्यावर पाण्याला उतरायच्या.

"आक्का," चन्नम्मानं शिवप्पाच्या बायकोला, शांतम्माला, हाक मारली, "आण्णांच्या डोळ्यातला काटा नखानं खरडून काढ. चिमटीत धरू नगंस, आणिक इख उतरंल आत."

"इख माझ्या डोळ्यात न्हाय, तुझ्या फुलात हाय," शिवप्पा म्हणाला. शांतम्मा त्याच्या पापणीवर नख फिरवत होती आणि तो दुसऱ्या डोळ्यानं चन्नम्माकडं बघत होता. "तुझी फुलं न्हवती तवा ह्या माश्या न्हवत्या. आज सांज झाली की ढोलीत जाळ घालतो. लढाईपायी घासलेट मिळंना झालंय, न्हाय तर येवढ्यात घातला असता. मिळंना तर मिळंना. कडब्याची पेंढी पुरं."

नागप्पा बैलांना आवरायचं निमित्त करून लांब उभा होता. भांडण दिसलं की बैलाच्या आडोशाला जायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

"नागप्पा, तुजं काय म्हन्नं?" शिवप्पानं विचारलं.

"म्या काय म्हनू," नागप्पा म्हणाला. "विहीर एक हाय. दोन माश्यांपायी वैर कशाला घ्यायचं? जाळा की."

चन्नम्मानं नवऱ्याकडं बघितलं. चौदा वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. तिचा बाप आळंदकडं एका मठाची बाग बघायचा. लेकीला त्यानं सोनं दिलं न्हाय, मोगऱ्याची दोन दाबकलमं ओल्या फडक्यात बांधून दिली होती. सासरी आल्यावर सासू म्हणाली, फुलानं काय चूल पेटती का? तरी चन्नम्मानं थारोळ्यातून गळून जाणाऱ्या पाण्यावर एक एक रोप धरलं. मोगरा धरला, जाई धरली, तांबडी कण्हेर, झेंडू, सब्जा, कडंला लिंबू. आता चैत-वैशाखात पंचक्रोशीत लग्न निघालं की मुंडावळ्यांची फुलं चन्नम्माकडनंच जायची. रानातलं बाकी सगळं नागप्पाचं होतं. सासऱ्याचं होतं, त्याच्या मागं नागप्पाचं. येवढा चार वाफ्यांचा तुकडा तेवढा तिचा, तोही कुणी त्याच्यावर हक्क सांगत न्हवतं म्हणून.

"आण्णा," ती म्हणाली, "मला आठ दिसांची मुदत द्या."

"कशाची मुदत?"

"आठ दिसांत थारोळ्यावरनं माशी हालवते म्या. आठव्या दिशी एक जरी माशी थारोळ्यावर बसली, तर तुमी ढोलीत जाळ घाला. म्या बोलनार न्हाय."

"आन फुलं?"

चन्नम्मानं वाफ्यांकडं बघितलं. मग नागप्पाच म्हणाला, "फुलं उपटून तिथं कडवळ पेरतो म्या. गुरांच्या तोंडी तरी लागंल."

"बरं," चन्नम्मा म्हणाली. "आन माशी न बसली तर?"

शिवप्पा हसला. हसताना त्याचा सुजका डोळा आणखीनच मिटला. "तर मिरग निघंपतुर माझ्या हर पाळीतल्या धा मोटा तुझ्या फुलाला. जा, कबूल."

धा मोटा म्हणजे थट्टा न्हवती. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, भाऊ भावाला घागर मोजून द्यायचा. पण शिवप्पाला खात्रीच होती. माशीला कुणी येसण घातलीय का आजवर?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चन्नम्मानं फुटक्या रांजणाचं एक पसरट खापर सब्ज्याच्या वाफ्यात नेऊन ठेवलं. त्यात पाणी ओतलं, वर ओलं गोणपाट आंथरलं. माश्या उठायच्या आत पाणी दिसलं पाहिजे, हे तिला बापाकडनं ठाऊक होतं. वर गुळाचा खडाही विरघळवून टाकला. मग तिथंच बसून ती बोलावू लागली, "बर्री, बर्री. इल्ले नीर अद नोड्री." या, या, इथं पाणी हाय बघा, असं. माहेरची कानडी तिला फुलांत बसल्यावरच आठवायची.

उन्हं वर आली. माश्या ढोलीतून निघाल्या, तिच्या डोक्यावरनं गेल्या, थेट थारोळ्यावर. खापरावर आल्या त्या मुंग्या.

"जत्रा भरली की," नागप्पा भाकर खाता खाता म्हणाला. "मुंग्यांस्नी कानडी येतंय म्हनायचं. माश्या मऱ्हाटी दिसत्यात."

चन्नम्मालाही हसू आलं. पण ते तेवढ्यापुरतंच. दुसरा दिवस तसाच गेला. गूळ संपला, आणि घरात आणखी मागायची सोय न्हवती.

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी, सगळी माणसं सावलीला पडलेली असताना, ती थारोळ्याजवळ जाऊन बसली. पदर तोंडावर घेतला आणि निस्ती बघत राहिली. माश्या यायच्या, घिरट्या घालायच्या, बसायच्या. वाहत्या पाण्यावर एकही बसत न्हवती. भरलेल्या कुंडावरही न्हाय. थारोळ्याच्या कडेच्या दगडांवर हिरवंगार शेवाळ साठलं होतं, त्याच्यात पाय रोवून, तोंड खुपसून त्या पीत होत्या. बुडायची भीती न्हाय, पाय घसरायची भीती न्हाय.

तिला बापाचं बोलणं आठवलं. मठातल्या पुष्करणीवर बसून तो म्हणायचा, माशीला सोवळं पाणी चालत न्हाय पोरी, तिला मळकं, शेवाळाचं पाणी लागतं.

"अगं बया," चन्नम्मा स्वतःशीच म्हणाली, "म्या पाणी दिलं, बसाय जागाच दिली न्हाय."

तिनं खुरपं घेतलं. दगडावरचं शेवाळ अलगद, घावन तव्यावरनं काढावा तसं सोडवलं आणि टोपल्यात भरून खापरात नेऊन लावलं. गोणपाट काढून टाकलं. खापराच्या बुडाला खडे मांडले, त्याच्यावर शेवाळ, चिमूटभर मीठ, आणि शेवाळ भिजंल येवढंच पाणी. मग राख आणि काथ्या घेऊन ती थारोळ्याचे दगड घासायला बसली. घासून घासून दगड लख्ख केले.

शेवाळ मात्र ओलीत पुन्हा धरणार, आणि उद्या शिवप्पाची पाळी. त्याच्या पाळीला त्याच्या थारोळ्यावर हिनं कसं जायचं? ती संध्याकाळी शांतम्माकडं गेली.

शांतम्मा जात्यावर बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"म्हंजी माझ्या मालकाला माझ्या हातानं हरवू म्हन की," ती म्हणाली.

"आक्का, तसं न्हाय."

"तसंच हाय." शांतम्मानं जात्याचा खुंटा पुन्हा धरला. "औंदा भोपळ्याला फळं धरल्यात तेवढी आजपतुर धरली न्हवती. दोन वर्सं बगायलीय म्या. माश्या फुलात शिरत्यात, अंगभर पिवळी भुकटी लावून भाईर येत्यात. आमच्या मालकाला वाटतं त्येनीच येल फुलीवला. कवा घासायचं ते सांग."

"पाटे. मोट जुंपायच्या आदी."

"काथ्या हाय माझ्याकडं," शांतम्मा म्हणाली आणि दळायला लागली.

चौथ्या दिवशी खापरावर पाच माश्या आल्या. चन्नम्मा श्वास रोखून मोजत होती. पाचव्या दिवशी मोजता येईनात. सब्ज्याच्या जांभळट तुऱ्यावरनं उठायचं, खापरावर पाणी प्यायचं, मोगऱ्याच्या वरनं लिंबाकडं जायचं, अशी त्यांची वाटच पडली. थारोळ्यावर अजून चुकार दोन-चार यायच्या, घासलेल्या दगडावर पाय टेकायच्या, घसरायच्या, निघून जायच्या. शिवप्पाची मोट शिवून आली होती. तो मोट हाकता हाकता थारोळ्याकडं एका डोळ्यानं बघायचा. सूज उतरली होती तरी एकाच डोळ्यानं बघायची सवय लागली होती त्याला.

"नजर लावू नगा माश्यांस्नी," शांतम्मा म्हणायची.

आठव्या दिवशी सोमवार होता. शिवप्पा स्वतः जाऊन महादेवाच्या देवळातनं सिद्धलिंग अय्यांना घेऊन आला. पैज झाली म्हणजे मुन्सफ पाहिजे. पण अय्या येऊन लिंबाखाली बसले आणि त्याला शंका आली.

"अय्या, तुमी रोज तिच्याच फुलानं पूजा करता," तो म्हणाला. "तुमचा इन्साफ तिकडं झुकंल."

"तुझ्या काकडीनं फराळबी करतो की," अय्या म्हणाले. "झुकला तर दोनीकडं झुकंल. मोट हाक तू."

बातमी फुटली होती. शेजारपाजारच्या रानातली पंधरा-वीस माणसं बांधावर येऊन बसली होती. नागप्पा बैलाच्या आडोशाला. चन्नम्मा लिंबापाशी उभी, हातात कण्हेरीची काडी, ती काडी ती सोलत होती. कालपासनं तिच्या पोटात अन्न न्हवतं. एक माशी म्हणजे एकच. हजारातल्या एकीला जुनी वाट आठवली तर काय करायचं?

सूर्य माथ्यावर आला. मोटा ओतल्या जात होत्या. थारोळ्यावर चतुर आला, गांधीलमाशी येऊन गेली, तिच्यावरनं थोडा वाद झाला. अय्या म्हणाले, गांधीलमाशीची पैज न्हाय. दुपार कलली. अय्यांनी हात झटकले, उठायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात एक माशी आली.

एकच. लिंबाकडनं सरळ आली. थारोळ्यावर एक घिरटी घातली, दुसरी घातली. चन्नम्माच्या हातातली काडी मोडली. माशी दगडाच्या अंगाला गेली, तिथं काही रुचलं न्हाय तिला, वर उठली, आणि शिवप्पाच्या झुपकेदार मिशीवर जाऊन बसली. दुपारी आमरस खाऊन आला होता तो.

बांधावरची माणसं उठून उभी राहिली. शिवप्पाच्या हातात भरल्या मोटेची दोरी. आता हात मारला तर काय होणार ते आठ दिवसांमागं झालंच होतं, न मारला तर ती डसायची धास्ती.

"हालू नगा आण्णा," चन्नम्मा हळू म्हणाली. "रस पितीय ती. पिऊन जाईल. डोळं मिटा आन नाकानं जोरात वारा सोडू नगा."

शिवप्पानं डोळे मिटले. माशी मिशीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत सावकाश गेली. बांधावर कुणीतरी तोंडात फेटा कोंबून हसत होतं. माशीनं मिशी स्वच्छ केली, पाय पुसले आणि उडून गेली.

शिवप्पानं आधी मोट ओतली. मग तो अय्यांकडं वळला.

"माशी आली, अय्या. सगळ्यांनी बगितली."

"बगितली," अय्या म्हणाले. "कुठं बसली?"

शिवप्पाचा हात मिशीकडं गेला.

"थारोळ्यावर बसली तर जाळ घालायचा, असं ठरलं व्हतं," अय्या म्हणाले. "मिशीचं काई ठरलं न्हवतं. तुला वाटत असंल तर मिशी काढ."

बांधावरची माणसं लोळायची बाकी राहिली. शांतम्मानं तोंडाला पदर लावला. आणि शिवप्पा, ज्याला स्वतःवर हसताना कुणी बघितलं न्हवतं, तोही हसला. "बैल दमल्यात," तो म्हणाला, "पर धा मोटा निघत्याल अजून. नागप्पा, तिकडं पाट वळीव. का ते बी म्याच करू?"

नागप्पा आडोशातनं बाहेर आला, फावडं घेतलं आणि पाट फुलांच्या वाफ्याकडं वळवला. मोगऱ्याच्या आळ्यात पाणी शिरलं, भेगाळलेली माती चुरचुर करत पाणी प्यायला लागली. चन्नम्मा पाण्याच्या पुढं पुढं वाकून काडीकचरा काढत चालली होती. तिला कुणी बघू नये म्हणून ती वाकूनच राहिली.

वैशाख सरत आला तेव्हा एक मध काढणारा फिरस्ता शिवारात आला. खांद्यावर दोर, हातात धुराचं मडकं. शिवप्पाची मोट चालू होती. फिरस्त्यानं लिंबाकडं बोट दाखवून विचारलं, "पाव्हणं, मोहळ झाडू का? निम्मं मध तुमचं, निम्मं माझं."

विहीर सामाईक, बांध सामाईक, लिंब सामाईक. शिवप्पानं व्हय म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. त्यानं बैल थांबवले.

"मला काय इचारतूस?" तो म्हणाला. "त्या मोहळाची मालकीण तिकडं फुलं तोडायलीय. तिला इचार जा."

चन्नम्मानं ऐकलं. चौदा वर्षांत तिला सून म्हटलं होतं, वहिनी म्हटलं होतं, नागप्पाची बायकू म्हटलं होतं. ती ओंजळभर कळ्या घेऊन सरळ उभी राहिली. फिरस्ता वाफ्याच्या कडेला येऊन अदबीनं थांबला, पायताण बाहेर काढून.

"आता न्हाय," मालकीण म्हणाली. "आता त्यांच्या पोटापुरतंच हाय. पाऊसकाळ होऊ दे, रानं फुलू देत. दिवाळीला ये, तवा बगू."