आधी विहीणबाई

बाहेर जेवायला जायची जागा ठरवणं हे घरात माझं काम, आणि मी ते परीक्षेसारखं करते. भायखळ्याच्या म्युझियमला जायचं ठरलं, तेव्हा तिथे बघण्यासारखं काय आहे याची मी चौकशीही केली नाही. जवळपास कुठे जेवता येईल तेवढंच आठवडाभर शोधत होते. माझे सासरे तात्या, त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून जिना नको. सात वर्षांच्या मनूला तिखट नको. आणि पुण्याहून आलेली माझी आई कट्टर शाकाहारी, त्यात श्रावण. नवरा स्वप्नील रविवारीही ड्यूटीवर, म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.

तात्या डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेले, मूळचे मालवणकडचे. घरात त्यांचा आवाज तीन खोल्या पलीकडे जातो. विहीण समोर आली की मात्र एकदम शिस्तीत. आई बसल्याशिवाय बसत नाहीत, तिने पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. मला याचं नेहमी हसू यायचं.

त्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. टोचून घेतलं की लगेच जेवायचं, नाहीतर साखर झरकन उतरते. आम्ही घरी ताट वाढून मगच सुई काढतो.

म्युझियममधून निघताना मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "तात्या, लालबागला टेबल सांगून ठेवलंय. गेल्या गेल्या ताट समोर."

"मगे मी जाऊन येतंय," म्हणून ते बाथरूमकडे गेले. म्हाताऱ्या माणसाला निघताना जाऊन यावं लागतंच, असं मला वाटलं.

गणपती तोंडावर आलेले. लालबागचा रस्ता खरेदीच्या गर्दीने तुंबलेला. टॅक्सी एकदाची पोहोचली, तर हॉटेलचं शटर अर्धं खाली. "गॅस संपला, संध्याकाळी या," आतून कोणीतरी म्हणालं. फोनवर हो म्हणालेल्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढच्या हॉटेलात फॅमिली रूम वरच्या मजल्यावर. त्याच्या पुढच्या ठिकाणी श्रावण पाळणारी माणसं फुटपाथभर रांग लावून उभी. मनू भुकेने किरकिरत होती आणि आई "असू दे गं, होतं असं" म्हणत होती, त्याने मला आणखीच चिडायला होत होतं.

तात्या भिंतीला टेकले होते. सदरा घामाने चिकटलेला. उकाडाही तसाच होता.

शेजारीच एक मालवणी खानावळ होती. बसायला जागा, पायरी एकच. पण दारातच मासे तळल्याचा वास. मी आईकडे बघितलं, तोच तात्या म्हणाले, "हंय नको. विहीणबाईंका वास सोसाचो नाय." मग मनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शांता, चल घराक."

शांता म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झालीत.

मी त्यांचा खांदा धरला. "तात्या, इंजेक्शन घेतलंत?"

त्यांनी मान हलवली. "थंयच. बाथरूमात. विहीणबाईंसमोर सदरो वर करूचो काय?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच खानावळीत नेलं. "साखरेचं पाणी द्या! लवकर!" मी इतकी ओरडले की जेवणारे थांबले. मालकीणबाईंनी मूठभर साखर पेल्यात टाकून ढवळून आणली. मी पेला ओठांशी नेला. तात्यांनी तोंड फिरवलं.

"आधी विहीणबाई."

"तात्या, प्या हो!"

"आधी त्यांका." ओठ घट्ट मिटलेले, डोळे भलतीकडेच. साखर उतरलेला माणूस हट्टाला पेटतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा हट्ट नेमका इथे अडेल असं कुणी सांगितलं नव्हतं. मी विनवलं, रागावले. शेवटी रडायलाच लागले.

आई दाराबाहेर मनूचा हात धरून उभी होती. ती आत आली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी पापलेटचे काटे काढून ठेवले होते, तिकडे तिने बघितलंही नाही. तात्यांच्या समोर बसली, माझ्या हातातून पेला घेतला आणि ओठ लावून प्यायली. उष्टं घेणं-देणं दोन्ही न चालणारी माझी आई.

"मी घेतलं बघा, तात्या," ती म्हणाली आणि तोच पेला पुढे केला. "आता तुमची पाळी."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग लहान मुलासारखे घटाघटा प्यायले. मालकीणबाईंनी न सांगता दुसरा पेला आणला, तोही आईने आधी चाखला.

भात आणि सोलकढी आली. आईने पहिला घास घेतला. ती जेवत होती आणि मी तात्यांच्या कपाळावरचा घाम सुकतोय का ते बघत होते. बराच वेळ काहीच होईना. मग त्यांनी डोळे मिचकावले, आजूबाजूला पाहिलं, आईच्या ताटाकडे पाहिलं आणि ओशाळले.

मग माझ्याकडे वळून खेकसले, "हात सोड गो माझो! आता भात कशान खाव?"