मालाडहून आलेले मडगार्ड

मित्रांनो, 'मी एक जुनी मोटार आहे' हे वाक्य मी जरा चाचरतच उच्चारते. कारण त्यातलं माझं किती आणि उसनं किती, हे मलाच नीट सांगता येत नाही. सांगाडा तेवढा सत्तर वर्षांपूर्वीचा. विलायतेहून पेट्यांमधून सुटे भाग आले आणि मुंबईतल्या कामगारांनी ते जोडून मला चाकांवर उभं केलं. आज मात्र माझ्या पोटात मोडीत निघालेल्या टॅक्सीचं इंजिन आहे. स्टिअरिंग जीपचं आहे आणि मागची काच घाटकोपरच्या एका काचवाल्याने मापं घेऊन कापलेली आहे. समोरचा कंपनीचा बिल्ला कधी निखळून पडला, ते आठवतही नाही.

माझी पहिली वीस वर्षं एका डॉक्टरांकडे गेली. ते रोग्यांना तपासायला निघत, तेव्हा आतलं कातडं चकाकत असे आणि माझा हॉर्न ऐकून लोक बाजूला होत. नंतर मालक बदलत गेले. जो भाग मोडला, त्याच्या जागी मिळेल तो बसवला गेला. त्यात दोष कुणाचाच नव्हता, गाडी चालती ठेवायची होती. मग तीही गरज संपली. मुलुंडच्या एका बंद गॅरेजबाहेर मी बारा वर्षं उभी होते. पुढच्या दोन्ही मडगार्डची गंजून चाळणी झाली. एक मांजर माझ्या मागच्या सीटवर तीनदा व्यायली.

तिथून मला नंदकुमार वैद्य यांनी नेलं. ते केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. मुलुंडमध्येच त्यांच्या बैठ्या घराशेजारी पत्र्याची शेड होती. त्यांनी वहीत माझा एकेक भाग लिहून काढला आणि जाहीर केलं, "हिच्यात आता एकही परका भाग ठेवायचा नाही. सगळं ओरिजिनल."

पत्र्याच्या कामाला त्यांनी भांडुपचे गुणाजी तावडे आणले. मूळचे मालवणकडचे, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. त्यांनी माझ्या अंगावर पहिल्यांदा हात फिरवला, तेव्हा डॉक्टर आजाऱ्याची नाडी बघतात तशी बोटं जागोजागी थांबत होती. चार वर्षं ते दर आठवड्याला येत राहिले. माझी दारं सरळ झाली, तळ नवा झाला. अडलं ते मडगार्डपाशी. नंदकुमारांनी जुन्या गाड्यांच्या सगळ्या बाजारांत शोधलं, तरी मूळचे मडगार्ड मिळेनात.

"साहेब, मी बनवून देतंय ना," गुणाजी म्हणाले.

"पत्रा ठोकून ओरिजिनल होत नाही, गुणाजी. थांबू आपण."

असे दोन पावसाळे थांबण्यात गेले. मग एकदा गुणाजी महिनाभर आलेच नाहीत. आले ते गोणपाटात गुंडाळलेले दोन मडगार्ड घेऊन. "मालाडात एका भंगारवाल्याकडे गावले," ते म्हणाले. नंदकुमारांना आनंद मावेना. ते दुप्पट पैसे द्यायला निघाले होते, पण भंगारवाल्याने स्वस्तात दिले असं सांगून गुणाजींनी पत्र्याच्या किमतीएवढेच घेतले.

मित्रांनो, ते बसवले गेले त्या क्षणीच मला कळलं होतं. जुन्या पत्र्याला आतून एक थकवा असतो. हे दोन्ही ताजे होते. पण मला कोण विचारणार?

नंतर जो येईल त्याला नंदकुमार ते दाखवत. "बघा, काय वळण आहे! तेव्हाच्या कारखान्यांचं काम. आता असं कुणाला जमणार?" गुणाजी तिथेच फडक्याला हात पुसत उभे असत. मान खाली. स्वतःच्या हाताची एवढी स्तुती चालली होती आणि तिच्यातला एक शब्दही त्यांना आपला म्हणून घेता येत नव्हता.

पुढे जुन्या गाड्यांतला एक जाणकार आला. त्याने मडगार्डच्या आतल्या कडेवर नख फिरवलं आणि हसला. "वैद्यसाहेब, ही कड मशीनची नाही. हाताने दुमडलीय. कालपरवाचं काम आहे हे."

नंदकुमारांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणा गेल्यावर त्यांनी गुणाजींना शेडमध्ये उभं केलं. "चार वर्षं तुला घरातला मानला. आणि चोरी केलीस?"

"चोरी नाय केलंय, साहेब. खोटा मात्र बोललंय."

"निघ. परत या दारात पाय ठेवू नकोस."

गुणाजी गेले. नंदकुमारांनी जुन्या गाड्या पाळणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींना फोन करून सांगितलं, की हा माणूस बनावट माल खपवतो. त्यानंतर गुणाजींना त्या कामाला कुणीही बोलावलं नाही. शेडला कुलूप लागलं आणि मी अर्धवट, रंगाविना, नऊ वर्षं अंधारात राहिले.

नंदकुमारांचं घर नव्या इमारतीसाठी पाडायचं ठरलं, तेव्हा कुलूप निघालं. मला विकत घ्यायला शीतल सोनावणे आली. चाळिशीची बाई, मेट्रोच्या कारशेडमध्ये देखभालीचं काम करणारी. तिने आधी कौतुक वगैरे काही केलं नाही. लोहचुंबक काढला आणि पत्र्याऐवजी कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय ते तपासत माझ्याभोवती फिरली. नंदकुमारही सचोटीचे. वही उघडून त्यांनी माझं एकेक न्यून वाचून दाखवलं. इंजिन परकं. स्टिअरिंग परकं. "आणि हे दोन्ही मडगार्ड बनावट. माझी फसवणूक झाली."

शीतल खाली बसली. आतून हात घालून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिने वर्तमानपत्र मागितलं, डाव्या मडगार्डवर दाबून त्याचा आकार कापला आणि तो कागद उलटा करून उजव्यावर ठेवला. तसूभरही फरक नव्हता.

"कुणी बनवले?"

"बनवले कसले, फसवलं मला."

"ते झालंच. पण हे मशीनच्या साच्याशिवाय, नुसत्या हाताने केलंय. अठरा वर्षं मशिनांत काढली मी, असं काम नाही बघितलं. त्या माणसाचं नाव सांगा, मग गाडी घेते."

नंदकुमारांनी नाव सांगितलं.

शीतलने मरोळला एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आणि मला तिथे आणलं. गुणाजींच्या घरी ती तीनदा जाऊन आली. दर वेळी परतल्यावर माझ्या बॉनेटवर कोपर टेकून नवऱ्याला, सम्यकला, सांगायची. "त्यांची सून, सुगंधा, दार उघडते. म्हणते, बाबांनी हातोडे देऊन टाकले, गाडीचं नाव काढलं तरी उठून जातात."

"मग सोड ना. दुसरा कोणी बघ," सम्यक म्हणाला.

"दुसरा कशाला? अर्धी त्यांनीच केलीय ना ही."

आणि एका रविवारी सकाळी गाळ्याच्या दारात गुणाजी उभे राहिले. सोबत सुगंधा होती, तिनेच त्यांना कसंबसं राजी करून आणलं होतं. गुणाजींनी आता सत्तरी ओलांडली होती, उजवा हात किंचित थरथरत होता. ते आत आले नाहीत. लांबूनच माझ्या मडगार्डकडे बघत राहिले.

"काढलंस नाय ते?" त्यांनी विचारलं.

"नाही काढणार, काका. मागच्या दाराचा खालचा भाग सडलाय. तो तुमच्याच हातचा हवा."

"लोकांका काय सांगतलंस? ओरिजिनल?"

"गुणाजी तावड्यांनी बनवलंय म्हणून सांगेन."

"आणि मी खोटा बोललंय, ता पण सांगतलंस?"

"कुणी विचारलं तर तेही सांगेन."

बहुतेक याच उत्तराने ते आत आले. दुसरं काही गोड ऐकलं असतं, तर मला वाटतं, ते परत फिरले असते.

हातोडा त्यांना फार वेळ पेलत नसे. म्हणून ठोकायची शीतल आणि ते स्टुलावर डोळे मिटून बसत. "आवाज आयक. पत्रो किंचाळलो की हात हलको कर." कधी सुगंधा पत्र्याखालून आधाराला लोखंड धरी. काम पुरं व्हायला आठ महिने लागले. इंजिन टॅक्सीचंच राहिलं, स्टिअरिंगही जीपचंच. पण माझ्या अंगावर फिकट निळा रंग चढला आणि इतक्या वर्षांनी मी स्वतःच्या बळावर रस्त्यावर आले.

पहिली फेरी कुठे न्यायची, असं शीतलने विचारलं. गुणाजी म्हणाले, "मुलुंडाक. साहेबांकडे."

नंदकुमार पाडलेल्या घराजवळच भाड्याच्या घरात राहत होते. शीतलने फोन केला, तसे ते काठी टेकत खाली आले. गुणाजी खाली उतरले. हात जोडले नाहीत, पण मान खाली होती.

"साहेब, मालाडात खंयचो भंगारवालो नव्हतो. हे माझ्या हातचे. तुमच्याशी खोटा बोललंय, म्हणान तुमकाच सांगूक इलंय."

माझ्या मडगार्डवर नंदकुमारांनी तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माणसाचा हात किती जड असू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

"चोरी केलीस का, एवढंच मी तेव्हा विचारलं," ते अखेर म्हणाले. "कसं केलंस, ते नाही विचारलं. सांग."

आणि रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, गुणाजी सांगू लागले. पत्रा खोलगट ठोकायला फणसाचा ओंडका कसा पोखरला, वाळूची पिशवी कशी शिवली, माझ्या गंजक्या मडगार्डवर कागद ठेवून आकार कसा उतरवला, पहिले दोन पत्रे फाटले तेव्हा काय केलं. नंदकुमार मध्येच थांबवून शंका विचारत होते, विद्यार्थ्यासारख्या. ज्या मडगार्डच्या जन्माची गोष्ट मला कधी ठाऊक नव्हती, ती मीही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

सगळं ऐकून झाल्यावर नंदकुमारांनी खिशातून फोन काढला आणि आपल्या जुन्या मंडळींपैकी एकाला लावला. "मी वैद्य. त्या गुणाजी तावड्यांबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं ना, ते अर्धंच होतं. उरलेलं आता सांगतो, ऐका." मग दुसऱ्याला लावला. मग तिसऱ्याला. आवाज थकला, तरी थांबले नाहीत. गुणाजी माझ्या दाराला टेकून उभे होते आणि डोळे पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मित्रांनो, गेलेली नऊ वर्षं त्या फोनांनी परत आली नाहीत. गुणाजींचा हात आता पूर्वीसारखा चालणारही नाही. म्हणून तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी एखादी जुनी, जोडलेली, ठिगळं लावलेली वस्तू असेल, तर तिच्यात खरं किती आणि परकं किती, हे जरूर तपासा. पण तेवढ्यावर थांबू नका. ती कुणी सांधली, ते शोधा. तो माणूस अजून असेल, तर त्याच्या घरी जा आणि कसं केलं ते त्याला सांगू द्या.