दाब कमी करा

"पाणी बंद कर असं कोण म्हणतंय? दाब कमी कर, एवढंच," असं म्हणून मामा खुर्चीत मागे रेलला.

मिरची टेबलासमोर उभीच राहिली. हे नाव तिला लहानपणी मामानेच ठेवलं होतं. वडील गेल्यावर तिला आणि तिच्या आईला त्यानेच सांभाळलं, तिला इंजिनिअर केलं. आता ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होती आणि मामा त्याच खात्यावरच्या समितीचा अध्यक्ष. केबिनमध्ये तिचे मोठे साहेबही होते, पण ते पंख्यात काहीतरी हरवल्यासारखे वर बघत बसले होते.

प्रकरण असं होतं. शहराचा सगळा कचरा खालच्या वस्तीमागे टाकला जायचा. त्या ढिगाचं काळं पाणी गल्ल्यांतून झिरपत थेट उंबऱ्यापर्यंत यायचं. वस्तीने अर्ज केले, हातापाया पडून झालं. शेवटी तिथल्या बायका उठल्या आणि कचऱ्याच्या गाड्यांच्या रस्त्यावरच ठाण मांडून बसल्या. गाड्या अडल्या. बघता बघता शहरात चौकाचौकात कचरा कुजायला लागला, आणि ज्यांनी जन्मात त्या वस्तीकडे वळून पाहिलं नव्हतं ते नाकाला रुमाल लावून तिला शिव्या घालू लागले.

"दाब कमी केला की वस्तीत थेंबसुद्धा पोचत नाही," मिरची म्हणाली. "हे तुम्हाला माहीत आहे, अध्यक्षसाहेब."

"अगं, बायका पाण्यामागे धावल्या की रस्ता आपोआप मोकळा होईल. लाठी नको, अटक नको, कुणाचं डोकं फुटायला नको. याहून सभ्य उपाय असेल तर तू सांग."

"लोकांना तहानेने उठवायचं, हा सभ्य उपाय?"

"इस्पितळाच्या दारात ढीग लागलाय कचऱ्याचा. आत झोपलेली माणसं माणसं नाहीत? एका वस्तीपायी मी अख्खं शहर सडू देऊ?"

"मग कचऱ्याला दुसरी जागा शोधा."

"जागा काय झाडाला लागतात?"

"बंगल्यांमागे केवढं मैदान पडलंय!"

मामा हसला. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर मोठी माणसं हसतात, तसा. त्या हसण्याने मिरचीच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"मामा," ती म्हणाली. ऑफिसात ती त्याला कधीच मामा म्हणत नसे. "त्या वस्तीत नळ कुणी आणले? रिकाम्या बादल्यांचा मोर्चा कुणी काढला होता? मला खांद्यावर बसवून घोषणा कोण देत होतं?"

"मीच. म्हणून तर सांगतोय. मी आणलेलं पाणी आहे ते."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस त्या पाण्याकडे स्वतःच्या खिशातला रुमाल असल्यासारखा बघत होता तर! द्यायचं तेव्हा द्यायचं, काढून घ्यायचं तेव्हा काढून घ्यायचं.

"लेखी द्या," ती म्हणाली.

मोठे साहेब पहिल्यांदाच पंख्यावरून खाली उतरले. "असल्या गोष्टी लेखी देत नसतात, बाई."

"मग असल्या गोष्टी करतही नसतात, साहेब. मी करणार नाही."

"तू नाहीस तर दुसरा कुणीतरी करेल," मामा शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ती पंपहाऊसवर गेली तेव्हा वस्तीकडे जाणारी लाइन जवळजवळ बंद होती. फोरमन स्टुलावर बसून हात पुसत होता. पुसून पुसून फडकं काळं झालं होतं, तरी त्याचं पुसणं चालूच होतं.

"कुणी सांगितलं?"

"वरून फोन आला."

"वर म्हणजे कुठे? आकाशात?"

"बाई, तुम्ही अध्यक्षांची भाची. तुम्हाला भांडण परवडतं. आम्ही भांडलो तर घरी बसू."

"चावी द्या. मी उघडते."

"साहेबांचा ड्रायव्हर घेऊन गेला."

व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब दांड्याची चावी गाडीत घालून नेली होती. म्हणजे सगळा विचार आधीच झाला होता. मिरचीने साहेबांना फोन केला, साहेब मीटिंगमध्ये. मग आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन ती बाकावर बसली. शिपायाने आधी "बसा" म्हटलं, मग "थांबा", मग "उद्या या". काम नियमाने व्हावं, वरिष्ठांच्या कानावर घालूनच पुढचं पाऊल टाकावं, असं ती स्वतःला समजावत राहिली. दिवस तसाच गेला.

घरी आईने तिचा चेहरा पाहूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तो नसता तर आपण दोघी रस्त्यावर आलो असतो. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, बाळा."

"मी वासे मोजत नाहीये, आई. तो दुसऱ्यांच्या घरांवरची कौलं काढतोय."

"शेवटी मामा आहे तुझा."

"म्हणून तर जळतंय! परक्याचा एवढा राग येतो का कधी?"



दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेच्या सभागृहात बैठक होती. वस्तीतल्या पंधरा-वीस जणी रिकाम्या बादल्या घेऊन मागे उभ्या होत्या. पत्रकार होते. माइकसमोर मामा उभा राहिला आणि कळवळून म्हणाला, "वस्तीच्या बहिणींचे हाल मला बघवत नाहीत. पण मुख्य लाइनमध्ये तांत्रिक बिघाड झालाय. आमच्या अभियंता बाई जातीने दुरुस्तीवर लक्ष ठेवून आहेत. त्या इथेच बसल्यात."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मामा तिच्याकडे बघून मान डोलावत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती वाक्य विसरली की समोरून अशीच मान डोलवायचा.

मिरची उठली.

"लाइनमध्ये काहीही बिघाड नाही," ती म्हणाली. माइक नव्हता, तरी आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "व्हॉल्व्ह मुद्दाम बंद केलाय. तुम्ही रस्त्यावरून उठावं म्हणून. अध्यक्षांनी मला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, म्हणून दुसऱ्याकडून करून घेतलं."

एकच गलका झाला. "हा आमचा घरगुती वाद आहे!" मामा माइकवर ओरडला.

"घरगुती?" मागून एक बाई किंचाळली. "मग आमची घरं काय गोठे आहेत?"

त्या बायका सभागृहात थांबल्या नाहीत. बादल्या आपटत, वाटेत भेटेल त्याला सोबत घेत त्या थेट पंपहाऊसवर गेल्या. मिरची त्यांच्या मागे धावली. वस्तीतला प्लंबर हातभर लांबीचा पाना घेऊन आला आणि चावीच्या जागी तो लावून जोर करू लागला. व्हॉल्व्ह हलेना. फोरमन कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. शेवटी त्यालाच राहवेना.

"अहो, आणखी आवळताय तो! उलटा फिरवा, उलटा!"

पाना उलटा फिरला. पाइपात आधी खरखर झाली, मग घुमल्यासारखा आवाज आला, आणि पाणी वस्तीकडे धावलं.

संध्याकाळी मिरचीच्या निलंबनाचा आदेश निघाला. तो मात्र लेखी होता, सहीशिक्क्यानिशी. फोरमनवर चौकशी बसली. मोठ्या साहेबांना कशातलंच काही माहीत नव्हतं. आणि मामाची खुर्ची जागच्या जागी राहिली. उलट चौकात कुजणाऱ्या कचऱ्याला वैतागलेल्या कितीतरी जणांनी "कुणीतरी खमक्या निघाला" म्हणून त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. मिरचीकडे न बघता आईसमोर बसला. "ताई, पोरीने भर सभेत माझं नाक कापलं."

आई भाजी निवडत होती. "पाणी तू बंद केलंस?"

"ताई, त्यामागे बऱ्याच गोष्टी असतात. शहर चालवायचं म्हणजे..."

"हो की नाही?"

"तुला समजावून सांगतो, ऐक..."

"मला समजावू नकोस. हो की नाही, एवढंच सांग."

मामाने चपला शोधल्या. त्या शोधायला त्याला फार वेळ लागला. दारातून तो म्हणाला, "हो. आणि परत वेळ आली तर परत करेन."

आईने त्याला थांब म्हटलं नाही. ती भाजी निवडत राहिली, पण चांगली पानं कचऱ्यात आणि देठं भांड्यात पडत होती.

मिरची बाहेर पडली आणि रस्त्यावर बसलेल्या बायकांकडे गेली. गाड्या अजून अडलेल्याच होत्या. तिला वाटलं होतं, आपल्याला बघून कुणीतरी हसेल, दोन शब्द बोलेल. कपडे इस्त्री करून पोट भरणारी एक बाई पुढे बसली होती. सभागृहात किंचाळली होती तीच. तिने मिरचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला कधी कळलं? पाणी तोडणार म्हणून?"

"बैठकीच्या दोन दिवस आधी."

"आणि तोंड बैठकीत उघडलंस."

"मी आयुक्तांकडे गेले होते. तिथे दिवसभर..."

"नळाला पाणी नव्हतं तेव्हा आम्ही ढिगाजवळच्या विहिरीचं प्यायलो. माझा नातू इस्पितळात आहे, सलाइनवर. तू इथे येऊन नुसतं ओरडली असतीस ना, तरी आम्ही नळाचं पाणी आधीच भरून ठेवलं असतं."

मिरचीकडे उत्तर होतं. नियम होते, वरिष्ठ होते, आयुक्तांच्या दारातला बाक होता. पण त्यातला शब्द न् शब्द मामाच्या "बऱ्याच गोष्टी असतात" सारखा वाटायला लागला, आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच," बाई म्हणाली. तिने माफ केलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

लांबून कचऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला, पाठोपाठ पोलिसांची गाडी दिसली. बायका एकमेकींच्या हातात हात अडकवून सरसावल्या. रांगेच्या टोकाला जागा होती. मिरची तिथे जाऊन बसली आणि शेजारणीचा हात तिने घट्ट धरला.